काचेच्या शेगडीवरचे जळके डाग: घर सोडण्याआधीच्या नोंदी

शनिवार, 8 फेब्रुवारी 2025

इंग्लंडमधल्या रेडिंगचं भाड्याचं घर 31 मार्चला सोडायचं आहे. स्वयंपाकघरात विजेची शेगडी आहे, वर काळी काच, चार रिंगा. काचेखालची तार तापून लाल होते आणि काचेतून भांडं तापतं. ही इंडक्शन नव्हे. इंडक्शनची काच भांड्यामुळे तापते तेवढीच, त्यामुळे तिथे सांडलेलं इतकं जळून बसत नाही. आमच्या शेगडीत काचच भाजून निघते आणि तिच्यावर पडलेलं सगळं तिच्याबरोबर भाजतं. काही जुन्या घरांत जाड काळ्या लोखंडी चकत्यांच्या रिंगा असतात. त्यांची सफाई पूर्ण वेगळी, त्यांना यातलं काही लावू नका.

या नोंदी ठेवतोय कारण इथल्या ओळखीच्या मराठी घरांत मी हीच शेगडी आणि हेच डाग पाहिलेत, आणि घर सोडायच्या आदल्या रात्री तारेच्या घासणीने काच घासणारेही पाहिलेत.

आज घासायचं काही नाही, फक्त पाहणी. वरचा दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवून आडवा धरला. वरून सगळे डाग सारखेच काळपट वाटतात, आडव्या उजेडात प्रत्येकाची जात कळते. मग नख फिरवलं. नखाला उंचवटा लागला तर काचेवर काहीतरी बसलंय, म्हणजे ते निघेल. नख खाली अडकलं तर काचच गेली, तिथे घासून उपयोग नाही. नखाला काहीच लागत नाही पण डाग दिसतो, तर तो धातूचा ओरखडा किंवा पाण्यातला क्षार. पुढचे सगळे निर्णय या नखावरच ठरले.

पुढची डावी रिंग सगळ्यात मोठी. तिच्यावर पोळ्यांचा तवा आणि फोडण्या. वर्तुळाच्या कडेने बोटभर रुंदीचं तपकिरी-काळं कडं, नखाला चांगलंच लागतं. पुढची उजवी लहान, दुधाची आणि चहाची. मागची डावी कुकरची: शिट्टीतून उडालेल्या वरणाचे पिवळट ओघळ आणि त्यांच्यामधून चंदेरी रेघा. मागच्या उजवीवर संक्रांतीला तिळगुळाचा पाक सांडला होता. तिथे नख खाली जातंय.

प्रत्येक रिंगेचे फोटो काढले, आणि घर घेतलं तेव्हाचा चेक-इन रिपोर्ट शोधून काढला. त्यात शेगडीसमोर ‘स्वच्छ, किरकोळ ओरखडे’ असं लिहिलंय. हा कागद फार मोलाचा. इंग्लंडमध्ये डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं (ही पद्धत एप्रिल 2007 पासूनची), आणि त्यातून पैसे कापायचे तर नुकसान झाल्याचं घरमालकाने दाखवायचं असतं. वापराने होणारी नेहमीची झीज त्यात धरत नाहीत. 2019 च्या टेनंट फीज कायद्यानंतर ‘सफाई आमच्याच माणसाकडून पैसे देऊन करून घ्या’ अशी सक्तीही करता येत नाही. घर घेतलं होतं तितकं स्वच्छ परत द्यायचं, एवढंच. एका सफाईवाल्याने ओव्हन आणि शेगडीचे मिळून 75 पौंड सांगितले. ओव्हन आम्ही जवळजवळ वापरलेलाच नाही, म्हणून शेगडी घरीच करायचं ठरवलं.

रविवार, 9 फेब्रुवारी

सोपी म्हणून दुधाची रिंग आधी घेतली.

सगळीकडे सांगतात तसा खाण्याचा सोडा पसरला आणि वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला, दिसायला छान. फेस बसल्यावर पुसलं तर डाग होता तिथेच. असं होणारच होतं: सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात, मागे जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या डागांना.

दुपारी आईचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘अरे, करपलेलं पातेलं कोणी कोरडं घासतं का? आधी भिजत घाल.’ आडव्या काचेवर पाणी टिकत नाही एवढीच काय ती अडचण. मग असं केलं: तीन चमचे सोड्यात चमचाभर पाणी घालून दाटसर लेप, तो डागावर, वर कडकडीत पाण्यात पिळलेलं सुती फडकं आणि त्यावर वाळू नये म्हणून क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक. तासभर हात लावला नाही. शेगडी पूर्ण थंड होती. गरम काचेवर हा लेप घातला तर तो वाळून स्वतःच चिकटतो.

तासाने फडकं उचललं तर लेप तपकिरी झालेला. बोटाने ढकलल्यावर दुधाचा थर साईसारखा सरकला. उरलेलं निळ्या, न ओरखडणाऱ्या स्पंजने निघालं. जोर लावावाच लागला नाही.

घासणीबद्दल इथेच लिहून ठेवतो. हिरव्या खरखरीत घासणीत बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते काचेपेक्षा खूप कठीण. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापात ही काच सुमारे 6, ते कण 9. खाण्याचा सोडा सुमारे 2.5, म्हणून तो काचेला इजा करत नाही. तारेची घासणी तर लांबच ठेवा. चेक-इनच्या वेळचे ते ‘किरकोळ ओरखडे’ गोल गोल आहेत, म्हणजे आधीच्या कोणीतरी हिरव्या घासणीनेच घासलंय.

शनिवार, 15 फेब्रुवारी

तव्याची रिंग. सोड्याचा तोच लेप, तेच फडकं, यावेळी दोन तास. काहीही झालं नाही. वरचा ओशटपणा गेला आणि कडं अधिकच चकचकीत दिसायला लागलं.

कारण कळलं तेव्हा सगळं उलगडलं. दूध, वरण, पीठ हे पाण्याने फुगतात, म्हणून भिजवलं की सुटतात. तव्याचं कडं मात्र तेलाचं आहे. तेल पातळ थरात तापत राहिलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि टणक, प्लास्टिकसारखी कातडी बनते. बिडाचा तवा तेल लावून तापवून ‘मुरवतो’ तेव्हा आपल्याला हवा असतो तो थर हाच. पाण्याने तो सुटत नाही, सौम्य सोड्यानेही नाही. तो खरवडावाच लागतो.

एका ओळखीच्यांनी ओव्हन क्लीनर मारायला सांगितलं. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. जळलेल्या तेलावर तो चालतो, पण आमच्या शेगडीच्या पुस्तिकेत त्याला स्पष्ट मनाई आहे; काचेवरची रिंगांची छापील वर्तुळं आणि कडेची पट्टी खराब होते. मारला नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून काचेच्या शेगडीसाठीचा स्क्रेपर आणला: आत-बाहेर सरकणारं एकधारी पातं, सोबत जादा पाती, 5 पौंड 50 पेन्स. शेगडी साफ करायचं क्रीम 4 पौंड.

आधी कोरड्या काचेवर फिरवलं. पातं धडधडत उड्या मारतं आणि मागे पोलादाच्या करड्या रेघा सोडतं. मग क्रीमचा थर पसरला, पातं काचेला साधारण 30 अंशांवर टेकवलं आणि पुढे ढकललं. आवाजच बदलला. धडधड थांबली, सलग खर्र असा आवाज आला आणि पात्यासमोर तपकिरी पापुद्रे गोळा व्हायला लागले, उजेडात धरले तर कडेला मधासारखे पारदर्शक. वर काळं दिसतं ते सगळं असं पिवळं-तपकिरी तेलच होतं, थरावर थर बसलेलं.

हाताला बसलेल्या गोष्टी: पातं एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही. कोपरा टेकवायचा नाही, पूर्ण धार काचेवर सपाट बसली पाहिजे. मधूनमधून पातं ओल्या कागदाने पुसायचं, कारण निघालेले पापुद्रे धारेखाली आले की पुन्हा उड्या सुरू होतात. धारेला बारीकसा खाच पडला तरी पातं बदलायचं. काच अगदी कोमट असली, म्हणजे हात आरामात ठेवता येईल इतकीच, तर थर लवकर सुटतो. काम झालं की पातं आत सरकवून वरच्या फळीवर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

काचेच्या कडेला, स्टीलच्या पट्टीला लागून काळ्या सिलिकॉनची बारीक शिवण असते. तिला पातं लावू नका. ती कापली गेली तर सांडलेलं पाणी आत विजेच्या भागापर्यंत जाईल. तिथला मळ मी बांबूच्या काडीला ओलं फडकं गुंडाळून काढला. वेळ तिथेच सगळ्यात जास्त गेला.

संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त कडं निघालं. मनगट दुखायला लागलं तेव्हा थांबलो. थकलेल्या हाताने पातं तिरकं होतं.

रविवार, 16 फेब्रुवारी

उरलेलं कडं सकाळी काढलं. रिंग आरशासारखी दिसत होती. दुपारी तवा ठेवून पोळ्या केल्या आणि संध्याकाळी बघतो तर दोन डाग नवे.

पहिला पिवळसर, पुसट, फडक्याच्या फराट्यांच्या आकाराचा. ते क्रीमच होतं. नीट धुतलं गेलं नव्हतं आणि रिंग तापल्यावर भाजलं. क्रीम लावल्यावर साध्या पाण्याने, दर वेळी स्वच्छ फडक्याने, काचेवर बोट फिरवल्यावर करकर आवाज येईपर्यंत पुसायला हवं. काच नुसती चकचकीत दिसली म्हणजे धुतली गेली असं नाही.

दुसरा डाग पुन्हा तोच, तपकिरी कड्याची सुरुवात. तवा उलटा केला. लोखंडी तव्याच्या तळावर जाड काळा राप, हाताला चिकट.

मला वाटतं, सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. गॅसवर भांड्याचा तळ कशालाच टेकत नाही, खाली नुसती ज्योत. म्हणून तवा मुरवताना आपण दोन्ही बाजूंना तेल पुसतो, कढईच्या बाहेरून ओघळलेलं तेल तसंच राहू देतो, धिरड्याचं पीठ खाली लागलं तर ते आपोआप जळून जातं. काचेच्या शेगडीवर भांड्याचा तळ हाच शेगडीचा अर्धा भाग असतो. तळाला जे असेल ते काचेवर छापलं जातं, रोज थोडं थोडं. काच कितीही घासा, तळ मळका असेल तर महिन्याभरात पुन्हा तेच.

म्हणून आज शेगडी सोडून भांडी धरली. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तवा त्यात उलटा बुडवून ठेवला, हातात रबरी मोजे. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र. जळक्या तेलाला तो मऊ करतो, पण हाताच्या कातडीलाही सोडत नाही. आणि ॲल्युमिनियमला तो अजिबात लावायचा नाही, भांडं काळं पडतं. दोन-तीन तासांनी राप उलथन्याने खरवडला, उरलेला 120 आणि मग 240 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून. लोखंडाचा करडा रंग वर आला. लगेच पुसून, तापवून कोरडा केला, नाहीतर तासाभरात गंज. तेल फक्त वरच्या बाजूला. खालून कोरडाच.

या खटपटीत पूर्ण संध्याकाळ गेली आणि जेवणाला खिचडीवर भागवलं. पण नव्याने सुरू करणाऱ्याला मी हेच सांगेन: काचेआधी तवा धुवा.

शनिवार, 22 फेब्रुवारी

कुकरची रिंग. वरणाचे ओघळ सोड्याच्या लेपाने निघाले, दुधासारखेच. हळदीचा पिवळेपणा राहील अशी भीती होती, तो राहिला नाही. काचेला छिद्रं नसतात, रंग आत मुरत नाही.

चंदेरी रेघा मात्र जशाच्या तशा. कुकर पुण्याहून आणलेला, ॲल्युमिनियमचा. झाकण लावताना तो काचेवर गोल फिरतो, आणि मऊ धातू काचेवर घासला जातो, पेन्सिल कागदावर उमटते तसा. नखाला काही लागत नाही, कारण थर अगदी पातळ आहे. पात्याने त्यातलं थोडंच निघतं आणि उलट पात्याच्या रेघा त्यात मिसळतात.

धातूला आम्ल हवं. आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागदी रुमाल रेघांवर अर्धा तास ठेवला. फिकट झाल्या, गेल्या नाहीत. मग बार कीपर्स फ्रेंडची पावडर आणली, 4 पौंडांच्या आसपास. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. थेंबभर पाण्यात कालवून लेप, ओल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने फिरवला, मिनिटभरात धुऊन टाकला. रेघा गेल्या. या पावडरीत घासणारे बारीक कणही असतात, म्हणून कोरडी वापरायची नाही, जोर द्यायचा नाही, आणि छापील वर्तुळावर फार वेळ रेंगाळायचं नाही. हातमोजे, खिडकी उघडी. ब्लीचबरोबर यातलं काहीही मिसळायचं नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचची बाटली मी त्या दिवसापुरती बाथरूममध्ये नेऊन ठेवली.

आता कुकरचं झाकण ओट्यावर लावतो आणि मग कुकर उचलून रिंगेवर ठेवतो, सरकवत नाही. घरात सगळ्यांना ही सवय लागायला वेळ लागला.

रविवार, 23 फेब्रुवारी

छोटं काम. चारही रिंगांवर पांढुरके ठिपके आणि मधूनच इंद्रधनुषी झाक. पाण्याचा थेंब सोडला की ठिपका नाहीसा होतो, वाळला की परत येतो. रेडिंगचं पाणी जड, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तोच हा क्षार. ओल्या भांड्याच्या तळाचं पाणी रिंगेवर आटतं आणि मागे तो राहतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, पाच मिनिटं, मग धुऊन कोरडं. लगेच गेले. भांडं शेगडीवर ठेवायच्या आधी तळ फडक्याने पुसला तर हे होतच नाही.

शनिवार, 1 मार्च

आता अवघड रिंग, तिळगुळाची.

14 जानेवारीला चिक्कीच्या गुळाचा पाक करताना पातेल्याच्या कडेने ओघळ आला आणि लाल रिंगेवर पडला. लाडू गरम असतानाच वळायचे म्हणून आम्ही सगळे ताटाभोवती बसलो. पाक काचेवर थंड झाला. दुसऱ्या दिवशी तो खरवडला तेव्हा टचकन निघाला, आणि त्याच्याबरोबर काचेच्या कपच्याही. टॉर्चमध्ये बघितलं: तीन खड्डे, सगळ्यात मोठा मोहरीपेक्षा थोडा मोठा, शिंपल्यासारखा कडांना चढता. बाजूला अजून गुळाचा काळा थर आहेच.

हे का झालं ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्या स्वयंपाकात पाक पुष्कळ. ही साधी काच नाही. जर्मनीतल्या शॉट कंपनीने 1970 च्या दशकात अशी काच शेगड्यांसाठी बाजारात आणली. तिचा गुण असा की ती तापली तरी जवळजवळ फुगत नाही आणि थंड झाली तरी आक्रसत नाही. लाल रिंगेवर गार पाणी पडलं तरी सहसा तडकत नाही ती यामुळेच. पण वितळलेली साखर काचेला घट्ट धरते आणि थंड होताना आक्रसते. काच हलत नाही, साखर ओढत राहते, शेवटी काचेचा टवका घेऊनच सुटते. शेगडीच्या पुस्तिकेत म्हणूनच लिहिलेलं असतं: साखर किंवा प्लास्टिक सांडलं तर थंड होऊ देऊ नका, गरम असतानाच स्क्रेपरने गरम भागाबाहेर ढकला. इतर सगळ्या डागांना ‘थंड होऊ द्या’, आणि साखरेला नेमकं उलटं.

उरलेल्या थराचं काय करायचं हा प्रश्न होता. थंड खरवडला तर आणखी टवके. म्हणून साखरेचा पाण्यात विरघळायचा गुण वापरला. गरम ओलं फडकं, वर क्लिंग फिल्म, दर अर्ध्या तासाला फडकं बदलायचं. दुपारपर्यंत वरचा थर मऊ झाला, फडक्यावर तपकिरी पाणी उतरायला लागलं, करपट गुळाचा वास सुटला. पूर्ण जळून कोळसा झालेला भाग विरघळत नाही; तो शेवटी राहिला, पण आता काचेला धरून नव्हता. क्रीम लावून पातं अगदी आडवं धरलं आणि तो निघाला. नवा टवका उडाला नाही.

खड्डे तसेच. ते भरायला इपॉक्सी गोंद मिळतो, पण रिंगेच्या गरमीत तो टिकत नाही, आणि घरमालकापासून खड्डा लपवायची माझी इच्छाही नाही. सिरियम ऑक्साइडने काच पॉलिश करतात हे खरं, पण ते केसाएवढ्या ओरखड्यांसाठी. खड्ड्यासाठी आजूबाजूची सगळी काच खाली घासावी लागेल. सोडून दिलं. तडा कुठे पोचलाय का तेवढं मात्र नीट तपासलं: टॉर्च, मग बोट, मग पाणी घालून. तडा असता तर शेगडी वापरणंच थांबवलं असतं, कारण तड्यातून पाणी आत गेलं तर विजेचा धक्का बसू शकतो. खड्डेच आहेत, तडा नाही.

खड्ड्यांचा जवळून फोटो काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एजंटला आजच ईमेल केली: काय झालं, कधी झालं, फोटो सोबत.

गुरुवार, 13 मार्च

होळी. पुरणपोळी करायची की नाही यावर घरात चर्चा झाली, कारण शेगडी आता स्वच्छ आहे. केली. स्वच्छ शेगडी ठेवण्यासाठी सण सोडायचा असेल तर या सगळ्याला अर्थ नाही.

तयारी मात्र वेगळी. पुरण शिजवायला उंच पातेलं, अर्ध्यापेक्षा कमी भरलेलं, म्हणजे गूळ घातल्यावर बुडबुडे उडाले तरी आतच राहतील. स्क्रेपर, ओव्हनचा जाड हातमोजा आणि ओलं फडकं ओट्यावर आधीच काढून ठेवलं. पुरण एकदा उडालंच, रुपयाएवढं, रिंगेच्या कडेवर. पातेलं लगेच उतरवलं, रिंग बंद केली, हातमोजा घालून पुरण गरम असतानाच पात्याने थंड काचेवर ढकललं आणि मग फडक्याने उचललं. गरम रिंगेवर फडकं लावायचं नाही, वाफेने हात भाजतो. नंतर नख फिरवलं. गुळगुळीत.

पोळ्यांना तव्यावर तूप सोडतो ते बेताने, कडेने खाली ओघळणार नाही इतकंच. मध्ये एकदा तवा उचलून तळ कागदाने पुसला. संध्याकाळी रिंगेवर पिठाची राख होती, तेलाचं कडं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसली आणि झालं. तव्याचा तळ स्वच्छ केल्याचा फरक इतका स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, 29 मार्च

शेवटचा हात. चारही रिंगा साध्या पाण्याने, मग व्हिनेगर-पाण्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने, कोरड्या मायक्रोफायबरने. समोरची बटणं खेचून काढता येतात, ती साबणाच्या पाण्यात बुडवली. मागे तेलकट धूळ जाड बसली होती. बटणं काढायच्या आधी भिंतीवरचा मेन स्विच बंद केला, आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावली.

मोठ्या रिंगेच्या छापील वर्तुळाचा थोडा भाग पुसट दिसतोय. आधी मळ वाटला होता, पण नखाला काही लागत नाही आणि आम्लानेही बदल नाही. ती छपाईच झिजली आहे. 8 फेब्रुवारीच्या फोटोतही ती तशीच आहे, म्हणजे या सफाईत गेलेली नाही.

खर्च: स्क्रेपर 5.50, क्रीम 4, पावडर 4, खाण्याचा आणि धुण्याचा सोडा मिळून 2.50, व्हिनेगर 1, पॉलिश पेपर 3. एकूण 20 पौंड. यातलं क्रीम आणि पावडर अर्ध्याहून जास्त उरली आहे. परत करायचं झालं तर दूध-वरणासाठी नुसता सोडा घेईन, क्रीम फक्त पात्याखाली घालायला.

उद्या पाडवा, गुढी नव्या घरात. तिथे इंडक्शन आहे. भांड्यांना फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं. लोखंडी तवा चिकटला, बिडाचं आप्पेपात्र चिकटलं, स्टीलच्या भांड्यांपैकी काही चिकटली, काही नाही. ॲल्युमिनियमचा कुकर चिकटला नाही, तो मैत्रिणीकडे द्यायचा आहे, तिच्याकडे गॅस आहे.

गुरुवार, 17 एप्रिल

चेक-आउट रिपोर्ट आला. शेगडीसमोर लिहिलंय: स्वच्छ, मागच्या उजव्या रिंगेवर लहान टवके, भाडेकरूने आधी कळवलेले. टवक्यांसाठी 30 पौंड मागितले होते. पूर्ण काच बदलायचा खर्च मागितला असता तर मी डिपॉझिट योजनेच्या वादनिवारणाकडे गेलो असतो, कारण शेगडी जुनी आहे आणि जुन्या वस्तूची नवी किंमत भाडेकरूकडून घेता येत नाही. टवके आमच्या हातून पडले, 30 पौंड रास्त वाटले, मान्य केले. बाकी डिपॉझिट आज खात्यात जमा झालं.

स्क्रेपर त्याच घराच्या ओट्याखालच्या खणात ठेवून आलोय, नव्या पात्यांसकट. सोबत चिठ्ठी ठेवली: साखर सांडली तर गरम असतानाच काढा, आणि भांड्यांचे तळ पुसा.